उतरणीचा वरचा तुकडा

माती तोंडात घालून चघळणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि माझं नशीब असं, की तो माझाच साहेब निघाला.

नोकरीचा पहिला दिवस होता. बांधकाम खात्यात हंगामी मिस्त्री म्हणून कसाबसा चिकटलो होतो. इस्त्रीचा सदरा घालून ऑफिसात गेलो, तर हे गृहस्थ पायरीवर उकिडवे बसलेले, डोळे मिटलेले आणि गाल हलतोय. मला वाटलं, पान खातायत. नमस्कार करून उभा राहिलो. त्यांनी पचकन थुंकलं. बघतो तर तांबडंच, पण पानाचं नव्हे. तोंड पुसत ते माझ्या पायांकडे बघू लागले आणि म्हणाले, "जामसंड्याहून चालत आलास ना? चपलेला तिकडची माती आहे. चांगली माती. उगीच झटकू नकोस."

मी मनात म्हटलं, झालं! सकाळी सकाळी हे काय वाढून ठेवलंय माझ्यापुढे!

लोक त्यांना राखवाले म्हणायचे, तोंडावर साहेब आणि पाठीमागे राखवाले. मूळचे सावंतवाडीचे, खात्यात ओव्हरसियर, हुद्द्याने आमच्यापेक्षा वर पण चढायचे तिथे कधीच न चढलेले. त्यांच्या डोक्यात एकच खूळ होतं. आमच्याकडच्या तांबड्या मातीत थोडं सिमेंट, थोडी राख आणि बारीक कापलेला काथ्या घालून ती चोपली, तर तिचा असा रस्ता होईल की चिरा नको, खडी नको, डांबर तर नकोच. सिमेंट तेव्हा परमिटावर मिळायचं, आणि परमिट मिळायचं तेव्हा मिळायचं. "सिमेंट सरकारचं, राख चुलीची आणि काथ्या माडाचा," असं ते सांगायचे. "तीनपैकी दोन गोष्टी आपल्या दारात आहेत, तरी आम्ही पहिलीच्या नावाने रडत बसतो."

राखेतसुद्धा त्यांना कुठलीही राख चालत नसे. उकडे तांदूळ करणाऱ्या बायका भात उकडायला तूस जाळतात, त्या तुसाची राख हवी, आणि तीही करडी-पांढरी. काळी राख दिसली की म्हणायचे, "अर्धवट जळलेली आहे. ही कामाची नाही. आपल्या ऑफिसात अशी बरीच आहे." हेडक्लार्क समोर बसलेला असला तरी म्हणायचे.

माझ्या लग्नाला आले होते. अहेर दिला, अक्षता टाकल्या आणि जेवणाच्या पंगतीत गायब. सासऱ्यांची धावपळ, की साहेब रागावले की काय! शोधलं तर हे मांडवामागे आचाऱ्यांच्या चुलीपाशी. धोतराचा सोगा खोचलेला, हातात राख, बोटांत चुरून बघतायत. माझी सासू आजही तो विषय काढते. "तुमचो तो सायब," म्हणते, "जेवलो नाय, पण चूल साफ करून गेलो."

संध्याकाळी त्यांच्या बिऱ्हाडी गेलं की ओटीवर बसून कात्रीने काथ्या कापत असायचे, प्रत्येक तुकडा दोन बोटं. लांब झाला तर गुंता होतो, आखूड झाला तर धरून ठेवत नाही. घरातल्या फळीवर बरण्याच बरण्या आणि प्रत्येकीत माती, वर गावाचं नाव डकवलेलं. वहिनी बिचाऱ्या सोसायच्या. एकदा मला म्हणाल्या, "भांडी घासायला राख उरत नाही हो या घरात. मी वाळू वापरते." आणि आतून साहेबांचा आवाज आला, "वाळू कुठली वापरतेस ते सांगत जा!"

ओल जोखायची त्यांची रीत होती. माती मुठीत दाबून लाडू करायचा, खांद्याएवढ्या उंचीवरून सोडायचा. फुटलाच नाही तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी, चार-पाच तुकडे झाले तर बरोबर. हे त्यांनी एकदा मोठ्या साहेबांच्या टेबलावर करून दाखवलं होतं. लाडूचे बरोबर चार तुकडे झाले. एक मोठ्या साहेबांच्या चहात पडला.

आणि एक नियम होता, तो मला त्यांनी इतक्या वेळा ऐकवला की झोपेत विचारलं तरी सांगितला असता. पाणी पडल्यापासून दोन तासांत माती चोपून झाली पाहिजे. सिमेंट वाट बघत नाही. आत एकदा धरायला लागलं की नंतर तुम्ही वरून कितीही बडवा, जे जोडलं जायचं होतं ते तुम्हीच तोडत असता.

तर मोठ्या साहेबांनी, चहा प्यायले नसले तरी, एक तुकडा मंजूर केला. खाडीपलीकडची वाडी होती. तरीच्या होडीतून उतरलं की वाडीत चढायची जी उतरण, ती पावसाळ्यात निव्वळ चिखल. गाडी जात नसे. आजारी माणसाला डोलीतून खाली आणायचं तर वाहणारे चार आणि त्यांना धरणारे चार. ही उतरण राखवाल्यांच्या पद्धतीने करायची. एक पावसाळा टिकली तर वाडीचा पुढचा सगळा रस्ता त्यांच्या हातात. नाही टिकली तर बरण्या फोडायच्या आणि गप्प बसायचं. मोठे साहेब हे हसत म्हणाले होते. राखवाले हसले नाहीत.

त्या वाडीत पार्वतीकाकी होती. साठीच्या पुढची, सुकलेली बाई, पण तिच्यासारखं खळं त्या किनाऱ्यावर कुणी घालत नसे. पावसाळा संपला की अंगण उकरून, भिजवून, चोपून नवं करायचं असतं; काकीचं खळं असं व्हायचं की वर नारळ टाकला तर टणकन उडावा. साहेबांनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वहाणा काढल्या, अनवाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले आणि तुळशीपाशी जाऊन मटकन खाली बसले.

काकी घाबरली. "सायबानू, बरा वाटत नाय काय तुमका? पाणी हाडू?"

"काकी, ह्या कसा केलंस गो?"

"कसा म्हणजे? माती मुरवक होयी. दोन रात्री भिजत ठेवची, लोणी होता तिचा. घाई केल्यार माती रुसता."

साहेब लहान पोरासारखे ऐकत होते. त्या दिवसापासून काकी त्यांची गुरू. आम्हाला मस्टरवर बायका हव्या होत्या, त्यांची मुकादमीण त्यांनी काकीलाच केलं. आता हे मला कळायला हवं होतं, आणि त्यांनाही. काकीची चाळीस वर्षांची विद्या एकच सांगत होती, मुरव. आणि सिमेंट सांगत होतं, मुरवू नको. ही दोघं समोरासमोर येणार होती.

पहिले तीन दिवस साहेब स्वतः उभे राहिले. घड्याळ हातात, डोक्यावर टॉवेल. माती कालवली की लगेच पसर, लगेच चोप. काकी कुरकुरायची, "सायबानू, वायच मुरूक देवा, कच्ची आसा." साहेब म्हणायचे, "आज माझा ऐक गो, फाल्या तुझा ऐकतंय." उतरणीचा वरचा तुकडा, अठरा हात, असा झाला.

चौथ्या दिवशी साहेबांना हिवताप भरला. पांघरुणांखाली दात वाजतायत आणि मला सांगतायत, "दोन तास. काय? दोन तास." मी म्हटलं, काळजी करू नका.

त्या दिवशी सकाळी मी वाडीत गेलो आणि काकीला म्हटलं, "माती कालवायला घ्या, मी दुपारपर्यंत येतो." कणकवलीला सिमेंटच्या परमिटावर शिक्का मारून आणायचा होता. जाऊन लगेच येतो असं वाटलं. पण एस.टी. वाटेत बंद पडली. परत आलो तेव्हा शेवटची होडी गेली होती. घरी जाऊन जेवलो आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उतरणीवर पोचलो तर कालवलेल्या मातीचे ढीग ओल्या गोणपाटाखाली व्यवस्थित झाकलेले. काकी ऐटीत उभी होती.

"तू येवक नाय, मगे मी मुरूक घातलंय," ती म्हणाली. "आता बघ कशी चोपता ती."

मी गोणपाट उचललं, हात घातला. माती आतून गरम होती, आणि बोटांना गाठी लागल्या. मला कळलं. त्या क्षणी कळलं, हे मी आज कबूल करतो. ती सगळी माती फेकून द्यायला हवी होती. पण सिमेंट परमिटाचं, गेलं तर परत कुठून आणू? आठवड्याने मोठे साहेब बघायला येणार. मी हंगामी. आणि काकी अशी बघत होती, जणू पोराच्या पुढ्यात पंचपक्वान्नांचं ताट ठेवलंय.

मी म्हटलं, "चोपा."

एकदा चोपा म्हटलं की दुसऱ्या दिवशी नको कसं म्हणणार? संध्याकाळी कालवायचं, रात्रभर झाकायचं, सकाळी गाठी फोडून, पाणी मारून चोपायचं. कामही भराभर उरकू लागलं, बायकाही खूश. मी मनाची समजूत घालत होतो, सिमेंट तरी आहे केवढंसं त्यात? खालचा सगळा तुकडा असा झाला. साहेब तापातून उठून काठी टेकत आले तेव्हा उतरण तयार होती. वरून खालपर्यंत एकसारखी तांबडी, गुळगुळीत. त्यांनी खाली वाकून हात फिरवला आणि काकीला म्हणाले, "काकी, तुझ्या हाताक सोन्याचा कडा घालूक होया." काकी लाजली. मी खाडीकडे बघत राहिलो.

आषाढात खालचा तुकडा गेला. कुठे खचला, कुठे वाहिला, उरला त्याचा शिरा झाला. तांबड्या लगद्यातून काथ्याचे दोरे वर आलेले. वाडीतले लोक वहाणा हातात घेऊन चालत होते आणि शिव्या घालत होते. वाडीतल्या एका गरोदर बाईला डोलीतून उतरवताना पुढचा माणूस घसरला. बाई वाचली, मूल वाचलं, पण तेवढ्याने कोणाचा राग जातो? कोणी तरी म्हणालं, "शिरा पडली त्या राखवाल्याच्या तोंडार, आधीचो चिखल बरो होतो." साहेब तिथेच छत्री घेऊन उभे होते. त्यांनी ऐकलं.

मग ते खाली बसले. लगद्यातला एक खडा उचलला, बोटांत फोडला, बराच वेळ बघितला आणि खिशात ठेवला. तोंडात घातला नाही. तेवढं माझ्या लक्षात राहिलं.

वरून पत्र आलं, कारण कळवा. साहेबांनी ते तीन दिवस टेबलावर ठेवलं. त्या तिन्ही दिवशी संध्याकाळी ऑफिस सुटताना ते माझ्या टेबलापाशी यायचे, उगीच दौत सरकवायचे, आणि विचारायचे, "काय, सगळं ठीक? काही सांगायचंय?"

तिन्ही दिवशी मी म्हणालो, "नाही साहेब."

चौथ्या दिवशी त्यांनी लिहिलं, मिश्रणाचं प्रमाण ठरवण्यात माझी चूक झाली. दोन ओळी. खाली सही. महिन्याभरात त्यांची बदली घाटावर, कुठल्याशा गोदामावर झाली. सगळी उतरण उकरून चिरे बसवावेत असा हुकूम आला. जायच्या दिवशी वहिनी बरण्या धूत होत्या आणि अंगणात ठिकठिकाणच्या मातीचे लहान लहान ढीग पडले होते. साहेब माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "चांगलं काम कर." बस. मी त्यांच्या पाया पडलो, आणि खोटं कशाला सांगू, गाडी सुटल्यावर मला हायसं वाटलं.

पुढची वर्षं गेली कशी, ते सांगण्यासारखं काही नाही. मी कायम झालो, ओव्हरसियर झालो. चिऱ्यांच्या भिंती, खडीचे रस्ते, मोऱ्या, सगळं ठरलेलं, पुस्तकातलं काम. माती कधी तोंडात घातली नाही. पण कुठेही कामावर माती कालवलेली दिसली की हात आपोआप आत जायचा, गरम आहे का बघायला. ती सवय अजून गेलेली नाही.

आठ वर्षांनी कामानिमित्त सावंतवाडीला गेलो. साहेब निवृत्त होऊन तिथेच आहेत, असं कळलं होतं. दोनदा गावातल्या तलावाला फेरी मारली, मग घर शोधलं. वहिनींनी दार उघडलं. फळीवर त्याच बरण्या होत्या; आता त्यांत लोणची होती.

साहेब मागच्या दारी फणसाखाली बसले होते. अगदी वाळले होते. मला बघून म्हणाले, "काय रे, कायम झालंस?"

"झालो, साहेब."

"बरा झाला."

ऑफिसात माझ्याशी ते नेहमी शुद्ध मराठीत बोलायचे. हे असं घरचं बोलणं त्यांनी माझ्याशी पहिल्यांदाच काढलं. त्याने मला अधिकच जड झालं. बसलो आणि सगळं सांगून टाकलं. एस.टी., गोणपाट, गाठी, चोपा म्हटलं ते. ते ऐकत होते. मधे एकदाही अडवलं नाही.

"म्हायत होता माका," ते म्हणाले. "गाठी गावल्यो ना मातीत. सिमेंट आधी धरलेला, मगे फोडलेला. आंधळ्याक पण कळला असता."

"मग साहेब, तुम्ही का नाही लिहिलंत?"

"काय लिहू? काकीन मुरवल्यान म्हणान? ती परत मातीक हात लावली नसती. तुझा नाव लिवलंय असता तर तुका दुसऱ्या दिवशी घरी धाडल्यानी असते." मग म्हणाले, "तू आपणहून सांगितलं असतंस, तर काय तरी करूक येय होता. तीन दिवस वाट बघलंय."

हे ऐकायला मिळणार, याची तयारी करूनच गेलो होतो. शिव्या खाव्या, रडावं, पाया पडावं, मोकळं व्हावं. आठ वर्षांचं ओझं होतं.

"काकी?" त्यांनी विचारलं.

"गेल्या वर्षी गेली."

"तिका कळला नाय ना?"

"नाही."

"बरा झाला." ते फणसाकडे बघत होते. "आणि उतरण काय, उकरून टाकली आसतली सगळी."

"खालची उकरली. तिथे चिरे बसवले. वरचा तुकडा तसाच राहिला. उकरायला कोणी आलंच नाही."

त्यांनी मान वळवली. "तसोच म्हणजे?"

"तसाच. आहे तसा."

"इतक्या पावसात धुपलो आसतलो."

"नाही साहेब. गाड्या जातात त्याच्यावरून. गेल्या उन्हाळ्यात ट्रक उतरला."

"भेग?"

"नाही."

"कड?"

"एका कोपऱ्यात वीतभर सुटलीय. शेवग्याच्या बाजूला."

"मुळां गेली आसतली खाली," ते ताबडतोब म्हणाले. "शेवगो तोडूक सांगलंलंय मी." मग नुसतेच ओठ हलत होते. मला वाटलं, पावसाळे मोजतायत.

"तू जातंस थंय?"

"वर्षातून पाच-सहा वेळा तरी."

"म्हणजे आठ वर्सां तू त्याच्यार चलतंस." त्यांचा आवाज चढला नाही, पण मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. "अरे, मी आठ वर्सां हय बसून त्याच त्या प्रमाणाचो हिशोब करतंय. गाठी तर होत्योच, पण म्हटलंय, माझापण काय तरी चुकला आसतला, राख जास्त झाली, काथ्या कुजलो. एक कार्ड टाकूक काय झाला होता रे तुका? वरचो तुकडो आसा, एवढाच."

मी एका गुन्ह्याची माफी मागायला गेलो होतो. हा दुसरा माझ्या मोजणीतसुद्धा नव्हता. खरं सांगायचं तर त्या वरच्या तुकड्यावरून जाताना माझं लक्ष नेहमी खालच्याकडेच असायचं.

वहिनी चहा घेऊन आल्या. साहेब त्यांना म्हणाले, "अगो, एक बरणी रिकामी कर."

पुढच्याच आठवड्यात मी वाडीत गेलो. त्या सुटलेल्या कोपऱ्यातून एक कपची काढायला बसलो, तर हाताने निघेना. गवंड्याकडून छिन्नी आणि हातोडा मागून आणावा लागला. निघाली ती फडक्यात बांधली, सावंतवाडीच्या गाडीच्या ओळखीच्या कंडक्टरकडे दिली आणि पत्ता दोनदा सांगितला.

आठ दिवसांनी त्यांचं कार्ड आलं. तेच शुद्ध, ऑफिसातलं मराठी. "पोचली. तोंडात घालून पाहिली, दात लागत नाही. राख अजून थोडी चालली असती. शेवगा तोडणे."

शेवगा मी स्वतः उभा राहून तोडून घेतला. कार्ड माझ्याकडे आहे. पुष्कळ वेळा उलटसुलट करून पाहिलं, त्यावर दुसरं काही लिहिलेलं नाही.